तासाभराचे विमान आणि नऊ तासांचा प्रवास

मराठवाड्यात विमानसेवेचा विषय निघाला की संभाजीनगरहून मुंबई अवघ्या तासाभरावर आली, हे वाक्य हमखास ऐकू येते. गेल्या महिन्यात आईला तपासणीसाठी मुंबईला नेल्यापासून हे वाक्य मला फार अपुरे वाटू लागले आहे.

आम्ही जिंतूरचे. पहाटे चारला गाडी काढली, मंठा आणि जालना मागे टाकत दीडशेएक किलोमीटर अंतर कापले आणि संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ गाठले. तिथे सामान, तपासणी आणि वाट पाहणे यांत दीड तास गेला. विमान उडाल्यावर डाव्या खिडकीतून नाथसागराचे पाणी दिसले, तेव्हा आईने हात जोडले. तिच्या पेल्यातला चहा संपतो न संपतो तोच विमान खाली उतरू लागल्याची सूचना झाली. पण त्यानंतर मुंबईच्या आकाशात आम्ही बराच वेळ घिरट्या घालत राहिलो. परळच्या रुग्णालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता.

संभाजीनगर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर आहे. दिल्ली सुमारे 980 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट दूर. तरीही तिकिटावर मुंबईला साधारण एक तास आणि दिल्लीला साधारण दोन तास लिहिलेले असतात. याचे कारण असे की, हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे यांना लागणारी मिनिटे जवळच्या आणि दूरच्या प्रवासात फारशी बदलत नाहीत, आणि जवळच्या प्रवासात पूर्ण वेगाने उडायला जेमतेम अवधी उरतो. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना आकाशातच थांबावे लागते.

27 एप्रिल 2017 रोजी, लहान शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेची पहिली विमाने सुटली, तेव्हा त्यात नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता, याचा मला आजही अभिमान आहे. त्या योजनेत तासाभराच्या उड्डाणातील निम्म्या जागांसाठी 2500 रुपयांची मर्यादा ठरली होती. परंतु त्या हिशेबातही धरला गेला तो उड्डाणाचाच तास. घरापासून विमानतळापर्यंतचे तास कोणीच मोजले नाहीत.

विमानसेवा नको, असे मी मुळीच म्हणत नाही. माझी मागणी एवढीच आहे की, वेळापत्रक आखताना हिंगोली, परभणी, जिंतूर, मंठा येथून येणाऱ्या माणसाचा विचार व्हावा. सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी परतता येईल अशा वेळा असाव्यात. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा तो रस्ता पूर्ण झाला, त्यामुळे जालन्याच्या माणसाला थेट मोटारीने मुंबई गाठणेही आता सोपे झाले आहे. विमानाची तुलना या रस्त्याशी व्हायला हवी, आणि तीही उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत.

आईला पुढच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. या वेळी परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसायचे ठरवले आहे. खालच्या बर्थची दोन तिकिटे कालच काढली.