व्हिडिओ घरी, चर्चा वर्गात आणि लेक्चर मोडीत?

आरोग्यविज्ञान शिकवणाऱ्यांमध्ये एक दावा सारखा फिरतो. थोडक्यात असा: ब्लेंडेड लर्निंग (थोडं ऑनलाइन, थोडं वर्गात शिकणं) लेक्चरपेक्षा सरस असल्याचं सिद्ध झालंय, त्यातही फ्लिप्ड क्लासरूम (व्हिडिओ आधी घरी बघायचा, वर्गात चर्चा आणि सराव) अव्वल, विद्यार्थ्यांनाही तेच हवंय आणि शिक्षकाचा वेळही वाचतो, तेव्हा लेक्चरं बंद करा. मी स्वतः ब्लेंडेडच्या बाजूचा आहे, म्हणूनच हा दावा जास्त खटकतो.

‘सिद्ध झालंय.’ कशाच्या तुलनेत? आरोग्यशिक्षणातल्या ५६ अभ्यासांचं २०१६ मधलं मेटा-अ‍ॅनालिसिस, म्हणजे त्या सगळ्यांच्या निकालांचं एकत्रित विश्लेषण, बघा. ब्लेंडेड गट काहीच न शिकवलेल्या गटापुढे ठेवला तेव्हा फरक निघाला १.४० प्रमाणित विचलनांचा (निकालांमधल्या नेहमीच्या चढउताराच्या पटीत मोजलेला); दुसऱ्या पद्धतीने शिकलेल्या गटापुढे ठेवला तेव्हा ०.८१. पहिला आकडा फॉरवर्ड करायला झकास आहे, पण न शिकवण्यापेक्षा शिकवलेलं बरं, यात नवल ते काय? दुसरा आकडाही चांगलाच आहे. मात्र मुळातल्या अभ्यासांमध्ये प्रचंड तफावत होती, त्यामुळे त्या सरासरीवरून आपल्या वर्गाचं भाकीत करता येत नाही.

‘फ्लिप्ड अव्वल.’ २०१८ मध्ये २८ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात फ्लिप्डच्या बाजूने ०.३३ इतका फरक दिसला. खरा आहे, पण माफक. शिवाय तासाच्या सुरुवातीला क्विझ घेतलेल्या ठिकाणी फायदा जास्त होता. मग श्रेय व्हिडिओला द्यायचं की वर्गात पाऊल टाकताच समोर येणाऱ्या प्रश्नांना? ते प्रश्न तर लेक्चरच्या आधीही विचारता येतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या २०१० च्या अहवालातही हाच पेच होता: ब्लेंडेड गट पुढे होते खरे, पण अनेकदा त्यांना वेळ आणि साहित्य दोन्ही जास्त मिळालं होतं.

आणि शिकवायचं काय आहे, हे या दाव्यात कुठेच नाही. रक्तदाब मोजणंच घ्या. दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, हृदयाच्या पातळीवर हवा, मनगटातली नाडी लागेनाशी झाली की त्या दाबाच्या २०-३० मिलिमीटर (पारा) वरपर्यंत फुगवायचा, मग सेकंदाला २-३ मिलिमीटर या गतीने हवा सोडायची. एवढं व्हिडिओत लेक्चरपेक्षा चांगलं दिसतं, थांबवून पुन्हा बघता येतं. पण स्टेथोस्कोप कानाला लावल्यावर पहिला ठोका नेमका कुठला, हे नवख्याला कळत नाही. त्यात काही रुग्णांमध्ये आवाज मध्येच गायब होऊन खाली पुन्हा सुरू होतो. नाडी न बघता कफ कमी फुगवला, तर परत आलेला आवाज पहिला समजून वरचा दाब कितीतरी कमी लिहिला जातो. ही चूक पकडायला दोन जोड कानांच्या स्टेथोस्कोपवर शेजारी शिक्षक ऐकत असावा लागतो. इथे फ्लिप्ड की लेक्चर हा वादच गैरलागू आहे. हाताखालून किती रुग्ण गेले आणि चूक कुणी दाखवली, यावर सगळं. उलट औषधांच्या मात्रेची गणितं ऑनलाइन सरावात उत्तम जमतात, कारण उत्तर चुकलं की लगेच कळतं.

‘विद्यार्थ्यांना आवडतं.’ आवडू दे की. पण आवडणं आणि येणं वेगळं. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरच्या २०१९ च्या प्रयोगात स्वतः गणितं सोडवणाऱ्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, चाचणीत मात्र त्यांनाच जास्त आलं. तेव्हा फीडबॅक फॉर्मवरून पद्धत निवडू नये, मग तो ब्लेंडेडची आरती ओवाळणारा असो की तक्रारींचा.

राहिला ‘शिक्षकाचा वेळ’. हे ज्याने लिहिलं त्याने बहुधा एकही व्हिडिओ स्वतः केलेला नसावा. रेकॉर्डिंग, प्रश्नपेढी, मार्गदर्शक सूचना बदलल्या की पुन्हा रेकॉर्डिंग. आणि चर्चा खरोखर व्हायची तर बॅच लहान, म्हणजे शिक्षक जास्त. लेक्चर बंद करून माणसं कमी करायचा बेत असेल, तर तसं सरळ म्हणावं, संशोधनाच्या आडून नको.