आयते कागद आणि काठीची होळी

भाऊ,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की शोधपत्रकार म्हणून आम्ही मिरवतो, पण कागद कुणीतरी आयते आणून देतो आणि आम्ही ते छापतो. शिवाय जाहिरातींवर पोसलेला वार्ताहर शोध कसला घेणार?

कागद आयते येतात, हे खरंय. ज्याचं बिल अडलं किंवा ज्याची बदली झाली, बहुधा तोच घेऊन येतो. पण पुढचं ऐका.

माहितीचा अधिकार यायच्या आधीची गोष्ट. अक्कलकुवा तालुक्यातल्या रोजगार हमीच्या कामाचं मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, त्याची झेरॉक्स चार दिवस माझ्या टेबलावर पडून होती. बेरजा चोख, अंगठे जागच्या जागी. मला काही दिसेना. आमच्या छपाईखात्यातल्या साक्रीकडच्या एका माणसाने चहा पिता पिता तारखा पाहिल्या नि म्हणाला, "होळीले कोण कामले जास भाऊ?"

त्याच तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. कमरेला घुंगरू, डोक्यावर मोरपिसं, रात्रभर नाच. आणि मस्टरवर त्या आठवड्यात एकाचाही खाडा नाही! मग एसटीने मोलगी, तिथून पायी. पाड्यावर नावं वाचून दाखवली. एक जण दिवाळीपासून गुजरातेत ऊसतोडीला. एक बाई तर हसायलाच लागली. तिला सही येत होती आणि कागदावर तिचा अंगठा होता.

निघालं काय, विचारता? एक हजेरी सहायक निलंबित. वरच्यांच्या बदल्या, त्याही सोयीच्या ठिकाणी. जळगावच्या घरकुल घोटाळ्यात 2006 साली गुन्हा दाखल झाला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं ते 2019 च्या ऑगस्टात. तिथेही फिर्याद महापालिका आयुक्तांची होती, वार्ताहराची नव्हे. घ्या, तुमच्याच बाजूचा मुद्दा मी देतो.

जाहिरातीचं मात्र तुम्ही नेमकं पकडलंत. मानधन नावापुरतं, घर चालायचं कमिशनवर. त्या बातमीनंतर तिकडच्या एका पुढाऱ्याने वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात बंद केली. पुढच्या वर्षी मीच ती मागायला गेलो. त्याने चहा पाजला, जाहिरात दिली, जुनं काही काढलं नाही. त्या वर्षी त्याच्या भागातलं एकही मस्टर मी मागवलं नाही. मूळ लेखात हे लिहायचं मी टाळलं होतं.