'लेट मी इन'वरच्या त्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार. 'लेट मी इन' (२०१०) या अमेरिकन रिमेकची बाजू घेणाऱ्या माझ्या लेखाखाली काल तुम्ही जी प्रतिक्रिया टाकलीत तिला तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण लिहिता लिहिता लांबलं म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यांचं म्हणणं असं की एकटा पडलेला मुलगा आणि त्याची रक्त पिणारी व्हँपायर मैत्रीण यांचा स्वीडनचा 'लेट द राइट वन इन' (२००८) सारखा पिक्चर असताना दोनच वर्षांत अमेरिकेने त्याचा रिमेक काढायची काही गरज नव्हती, तो निव्वळ पैशासाठी काढला, गोष्टीतलं जे खरं बोचरं होतं तेच त्यातून गाळलं, आणि मी 'सैराट'च्या हिंदी रिमेकला झोडपलं होतं ते इथे बरं विसरलो. इथवर ठीक आहे, ज्याचं त्याचं मत. पण शेवटचं वाक्य बघा: "सबटायटल्स वाचायचा कंटाळा असलेल्यांसाठीच रिमेक निघतात, लेखक महाशयही त्यातलेच दिसतात."

महाशय! अहो, तुम्ही मला ओळखता का? कॉलेजात असल्यापासून मी फिल्म सोसायटीचा मेंबर, तेव्हा मोबाइलवर पिक्चर बघायची सोय नव्हती, घासलेली प्रिंट यायची, पांढरी सबटायटल्स पांढऱ्या बर्फावर पडली की अर्धी ओळ गायब, त्यात पुढच्या खुर्चीवरच्या काकांचं डोकं मधे, तरी स्वीडनच्या बर्गमनचे पिक्चर बघितलेत आणि नंतर चहाच्या टपरीवर त्यावर भांडलोय. त्यामुळे कंटाळा हा शब्द मला उद्देशून वापरायच्या आधी जरा विचारलं असतंत तर बरं झालं असतं. मतभेद असावेत, पण सुरुवातच समोरच्याला अडाणी ठरवून करायची ही जी काय पद्धत सध्या बोकाळलीय ती मला पटत नाही.

आणि आता सबटायटल्सचा विषय काढलाच आहात तर ऐका. २००९ साली स्वीडिश पिक्चरची अमेरिकेत जी डीव्हीडी निघाली तिच्यावरची सबटायटल्स थिएटरमधली नव्हतीच. संवाद कापून, सपाट करून, विनोद उडवून टाकलेली दुसरीच होती. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की कंपनीला पुढच्या प्रतींवर थिएटरवाली सबटायटल्स टाकावी लागली. म्हणजे खाली अक्षरं हलतायत म्हणून आपण ओरिजिनल बघतोय असं समजून कॉलर ताठ करणाऱ्यांनी आपण नक्की काय वाचलं ते एकदा तपासावं. दुसरं, एलीचा, म्हणजे त्या व्हँपायर पोरीचा, जो आवाज तुम्हाला "अंगावर काटा आणणारा" वाटला (तुमचेच शब्द) तो तिचं काम करणाऱ्या लीना लेआंडरसनचा नाहीच, स्वीडिशमध्येच दुसऱ्या मुलीकडून डब करून घेतलाय. दिग्दर्शकाला आवाज जरा जाडा, मुलगी की मुलगा कळू नये असा हवा होता. चांगलीच युक्ती आहे, माझी तक्रार नाही. पण "अस्सल" वगैरे शब्द जपून वापरा एवढंच.

आणि मूळ मूळ म्हणता ते मूळ कुठलं? मूळ म्हणजे योन आयविदे लिंडक्विस्टची २००४ची कादंबरी. स्टॉकहोमजवळचं ब्लॅकेबर्ग, १९८१ साल. स्वीडिश पिक्चरची पटकथाही त्यानेच लिहिली आणि आपल्याच कादंबरीला त्याने बेदम कात्री लावली, तेव्हा कोणी रडलं नाही. स्वीडिश पिक्चरचा दिग्दर्शक आल्फ्रेडसन, त्याला रिमेक आवडला नाही हे खरं, त्याला का आवडेल, पण खुद्द लेखकाने अमेरिकन पिक्चरचंही जाहीर कौतुक केलंय. रिमेकचा दिग्दर्शक मॅट रीव्हज, त्याने गोष्ट न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला नेली, १९८३ साल, हॉस्पिटलात टीव्हीवर तेव्हाचा अमेरिकेचा अध्यक्ष रेगन जगातल्या दुष्टाव्यावर भाषण ठोकतोय, आणि मुलाच्या आईचा चेहरा अख्ख्या पिक्चरभर एकदाही धड दिसत नाही. हे नुसतं गाव बदलणं आहे का? तो गाडीचा सीन तर स्वीडिशमध्ये नाहीच. त्या पोरीसाठी माणसं मारून रक्त आणणारा म्हातारा, म्हणजे रिचर्ड जेंकिन्स, डोक्यावर कचऱ्याची काळी पिशवी, तिला डोळ्यांपुरती भोकं, असा मागच्या सीटखाली दबा धरून बसलाय आणि ऐनवेळी गाडीत दुसराच एक पोरगा चढतो, सगळा बेत फिसकटतो, मग गाडी रिव्हर्समध्ये सुटते आणि उलटते, पण कॅमेरा आतच, हलत नाही, बाहेरचं जग गरागरा फिरतं. कट नाही. त्या म्हाताऱ्याची कीव येते हो. सबटायटल्स नसूनही येते.

पैशासाठी म्हणाल तर साधारण २ कोटी डॉलर घालून जगभरातून २.४ कोटींच्या आसपास गल्ला झाला. थिएटरवाल्यांचा वाटा वजा करा, धंदा कळेल.

एक गोष्ट मात्र मान्य. बोगद्यातल्या हल्ल्यात अ‍ॅबी (रिमेकमधली एली) माणसावर झेपावते ते ग्राफिक्स रबरी दिसतं, अगदी व्हिडिओ गेम. बघा, मी काही आंधळा भक्त नाही. (तुमच्या लाडक्या पिक्चरमधल्या कॉम्प्युटरी मांजरांबद्दल मात्र तुमची अळीमिळी गुपचिळी.)

राहता राहिलं बाकीचं. एलीच्या जखमेचा (ती मुळात मुलगी नाही हे सुचवणारा) तो क्षणभराचा शॉट रिमेकमध्ये नाही म्हणून तिचं कोण असणं, काय असणं सगळंच पुसलं गेलं, आणि फोटोंची ती पट्टी (म्हातारा लहानपणापासून अ‍ॅबीसोबत होता हे सांगणारी) दाखवून म्हाताऱ्याचं कोडं उगाच सोडवून टाकलं, हे तुमचे मुद्दे. असतील. ज्याच्या त्याच्या बघण्याचा प्रश्न आहे, त्यात आत्ता शिरत नाही. 'धडक'ची तुलना तर इथे लागूच होत नाही, तिथे जातच जवळजवळ गाळली होती, म्हणजे गोष्टीचा कणाच काढला होता. हा विषय वेगळा आहे, उगाच मिसळू नका.

आणि हो, कादंबरी वाचलीय असं तुम्ही तीन परिच्छेदांत कुठेही म्हटलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय. इंग्रजी भाषांतर मिळतं. वाचा, मग या, सावकाश बोलू. काल रात्री आलेल्या दोन प्रतिक्रियांमध्ये शिव्या होत्या त्या उडवल्यात, तुमची ठेवलीय.