झेडपी हायस्कूल इंग्रजांनी बांधलं नाही बावा, अन् बुडालं तेही तुम्ही म्हणता तसं नाही

पंधरा दिवसांत तोच मेसेज मला सहा जणांनी पाठवला, त्यातले दोघं तर आमच्याच बॅचचे, माझ्यासोबत त्याच हायस्कूलच्या ओट्यावर बसून डबे खाल्लेले. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल (नागपूर जिल्ह्यात असं कोणी उरलं असेल असं वाटत नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गावोगावची हायस्कुलं इंग्रजांनी बांधली, मालगुजारांनी (म्हणजे तेव्हाच्या जमीनदारांनी) जागा दिल्या, तेव्हा मॅट्रिक म्हणजे मॅट्रिक होती अन् शाळेतला प्रत्येक पोट्टा साहेब होऊन निघायचा, मग झेडपी आली, राजकारण घुसलं, मास्तर फुकटचा पगार खायला लागले, तिकडे पश्चिम महाराष्ट्रात संस्था होत्या म्हणून ते पुढे गेले, अन् आता इकडे पोरंच नाहीत तर बिल्डिंगा कशाला सांभाळता, देऊन टाका एखाद्या संस्थेला. खाली जोडलेले हात अन् तीन झेंडे.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण मागच्या मे महिन्यात पुतणीच्या कास्ट व्हॅलिडिटीसाठी १९६७च्या आधीचा पुरावा पाहिजे होता, म्हणून मोठ्या काकांची नोंद काढायला गावच्या हायस्कूलमध्ये गेलो होतो, काटोलकडे. बाबूनं दाखल-खारीजचं जुनं रजिस्टर आणून टेबलावर ठेवलं. लाल कापडाची बांधणी, कडा उंदरानं कुरतडलेल्या, पानं अशी की जोरात पलटवलं तर पापडासारखी मोडतील. काकांची नोंद दहा मिनिटांत सापडली अन् मी मात्र दोन तास तिथंच बसून राहिलो. ज्यानं हा मेसेज लिहिला त्यानं असं एकही रजिस्टर उघडून पाहिलेलं नाही हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो, पाचशेच्या, शंभराचा आता चालत नाही.

तर पहिलं, इंग्रजांनी बांधलं म्हणे. भोसल्यांचं राज्य खालसा केल्यावर १८६१ला मध्यप्रांत तयार झाला अन् नागपूर त्याची राजधानी. हिस्लॉप कॉलेज १८८३चं, मॉरिस कॉलेज १८८५चं, दोन्ही नागपूर शहरात. हायस्कुलंही मुख्यतः शहरात, जिल्ह्याच्या ठिकाणी, फार तर मोठ्या तहसिलीच्या गावात. खेड्यात होती ती प्रायमरी, तीसुद्धा नशिबात असेल तिथं, अन् त्याच्या वर कुठेकुठे एव्हीएम, म्हणजे अँग्लो व्हर्नाक्युलर मिडल स्कूल. त्याच्यापुढे शिकायचं तर नागपूर गाठा, कोणाच्या तरी पडवीत राहा, अन् ते परवडणारी घरं गावात दोन नाहीतर तीन. आमचे आजोबा चौथीवर थांबले ते डोकं नव्हतं म्हणून नाही, पुढची शाळा सायकलच्या अंतरात नव्हती अन् तशीही सायकल नव्हती.

इंग्रजांच्या राज्यात खेड्यातल्या शाळांसाठी एक मोठी खटपट झाली, पण ती आपल्या लोकांची होती. १९३७ला निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं, रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री होते, त्यांनी विद्यामंदिर योजना काढली. म्हणजे गावानं जमीन द्यायची अन् त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळेचा, मास्तरचा खर्च निघायचा. नावावरून मोठा वाद झाला, मुस्लिम लीगनं आंदोलन केलं, मग महायुद्ध लागलं अन् १९३९ला मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडलं. योजना फार चालली नाही, पण मुद्दा बघा नं, मास्तरला पगार द्यायला शेताचं उत्पन्न लावावं लागत होतं, मग ते इंग्रजांनी बांधलेलं हायस्कूल कुठं होतं त्या खेड्यात?

आमच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर जांभळा गोल शिक्का आहे, 'जनपद सभा' असा. हा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांना माहीत. १९४८च्या कायद्यानं मध्यप्रांत-वऱ्हाडात जनपद सभा आल्या, तहसिलीगणिक एक, रस्ते, दवाखाने, शाळा सगळं त्यांच्याकडे. म्हणजे आमचं हायस्कूल सुरू झालं ते स्वातंत्र्यानंतर, अन् इंग्रज तेव्हा जहाजात बसून घरी गेले होते.

मालगुजाराची जागा? असेल, अन् दिली तर चांगलंच केलं. पण तो दरवर्षी लागणारा खडू, फळा, पगार देत नव्हता, अन् मालगुजारी तर १९५१ला संपली. गावातले म्हातारे सांगतात की मागच्या दोन खोल्यांसाठी घरोघरून ज्वारीची पायली गोळा केली होती अन् रेती लोकांनी आपापल्या बंडीनं नदीतून आणली होती. त्या बंडीवाल्यांच्या नावाची पाटी कुठे दिसत नाही, मेसेजमध्येही नाही.

आता ती मॅट्रिक. मला सगळ्यात जास्त राग येतो तो ह्या मुद्द्याचा, म्हणून जरा वेळ घेतो.

रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे रकाने असतात, बापाचं नाव, धंदा, जात, जन्मतारीख, कोणत्या वर्गात दाखल, कधी सोडली अन् का सोडली. जन्मतारखेचा रकाना वाचला तर वाटेल की आमच्या गावात बाया फक्त १ जुलैलाच बाळंत होत होत्या, कारण मास्तरनं अंदाजानं टाकलेली तारीख. ते जाऊ द्या, शेवटचा रकाना वाचा. 'गुरे राखणे.' 'घरकाम.' 'सतत गैरहजर.' 'लग्न.' परत 'घरकाम', परत 'सतत गैरहजर'. पान पलटवा, पुन्हा तेच. 'मॅट्रिक पास' असं लिहिलेली ओळ शोधायला बोट खाली खाली न्यावं लागतं, अन् जिथं सापडते तिथं धंद्याच्या रकान्यात काय असतं? पटवारी, दुकानदारी, नाहीतर मोठी शेती. मुलींची नावं सुरुवातीच्या पानांवर एका हाताच्या बोटांवर मोजता येतात.

म्हणजे प्रत्येक पोट्टा साहेब होऊन निघत होता असं नाही भाऊ, जे साहेब झाले तेवढेच तुमच्या लक्षात राहिले, बाकीचे गुरांमागे गेले अन् त्यांना कोणी स्नेहसंमेलनात सत्काराला बोलावलं नाही. अन् जे अकरावीपर्यंत टिकले तेही सगळे काही पास होत नव्हते. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत 'मुलगा मॅट्रिक फेल आहे' असं छाती काढून सांगायचे, म्हणजे तिथपर्यंत पोचला हेच क्वालिफिकेशन! तेव्हाची मॅट्रिक अकरावीची होती, १०+२ आल्यावर दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा १९७५ला झाली, त्यामुळे जुना रिझल्ट अन् आजचा रिझल्ट शेजारी ठेवून गळा काढण्यात तसाही अर्थ नाही. आता २०२४ला राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के लागला, तो बघून कोणी म्हणेल मार्क खिरापतीसारखे वाटतात, म्हणा, त्यात थोडं खरंही आहे. पण पेपर सोपा झाला ही वेगळी तक्रार आहे, अन् पूर्वी सगळे शिकत होते ही थाप आहे.

अजून एक दिसलं त्या पानांवर. १९५६च्या दीक्षेनंतर काही वर्षांनी जातीच्या रकान्यात हळूहळू 'बौद्ध' असं यायला लागतं, आधी एखादं, मग एका पानावर चार-पाच. अन् त्यांच्या नावापुढे सोडण्याचं कारण बघत गेलो तर 'घरकाम' कमी कमी होत जातं. त्यातले एक पुढे आमचे गणिताचे सर झाले, त्याच शाळेत. मेसेजवाल्याच्या सुवर्णकाळात हे कुठे बसवायचं ते त्यानंच सांगावं, कारण ही पानं आहेत झेडपीच्या काळातली, म्हणजे त्याच्या हिशेबानं शाळा बुडाली तेव्हाची.

झेडपीवरच येतो. महाराष्ट्राचा जिल्हा परिषद कायदा १९६१चा, परिषदा सुरू झाल्या १ मे १९६२ला, अन् जनपद सभांचं काम त्यांच्याकडे आलं. झेडपीनं कोणा दानशूराच्या हातून शाळा हिसकावली नाही, एका लोकनियुक्त मंडळाकडून दुसऱ्याकडे गेली. राजकारण? होतंच, जनपदमध्ये काय भजन चालत होतं का. बदल्यांसाठी मेंबरच्या घरी चकरा मारणारे मास्तर मी स्वतः पाहिले आहेत अन् इंग्रजीच्या तासाला बाहेर संत्र्याचा सौदा करणारे एक सरही होते, त्यांचं मी समर्थन करत नाही. पण रात्री कंदील लावून, पुढे पुढे ट्यूबलाइटखाली, दहावीच्या पोरांना फुकट बसवून घेणारेही तिथलेच होते.

पश्चिम महाराष्ट्राचं सांगतात तेव्हा मला गंमत वाटते. भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ची, काम डोंगराएवढं, कोण नाही म्हणतं. पण विदर्भात संस्था नव्हत्या हे कोणी सांगितलं? पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था अमरावतीत १९३२पासून आहे. अन् ह्या अनुदानित शाळांच्या मास्तरांचा पगार येतो कुठून, सरकारी तिजोरीतूनच की. फरक एवढाच की तिकडे हायस्कुलं जास्त करून संस्थांच्या हातात राहिली, अन् विदर्भ-मराठवाड्यात जुन्या प्रांताच्या, निजामाच्या व्यवस्थेतून आलेली बरीच हायस्कुलं झेडपीकडे आली. त्याच्यात तिकडचे हुशार अन् इकडचे आळशी असं काही नाही.

आता पोरं नाहीत हा मुद्दा, हा मात्र खरा आहे, डोळ्यांना दिसतो. आमच्या वेळेला आठवीच्या दोन तुकड्या होत्या, आता नववी-दहावी मिळून एका खोलीत मावतात. पण का? २००१ला सरकारनं 'कायम विनाअनुदानित' शाळांचं धोरण आणलं, २०१२ला स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, अन् मग प्रत्येक फाट्यावर एक कॉन्व्हेंट उभं राहिलं, मेरी नाही की नन नाही पण नाव कॉन्व्हेंट. सकाळी सातला पिवळी व्हॅन दारात येते. त्याच २०१२ला शिक्षक भरतीवर बंदी आली, पुढे भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं तेही रखडत रखडत. मधल्या काळात जे रिटायर झाले त्यांच्या जागा रिकाम्या, हेडमास्तरचा चार्ज कोणाकडे तरी, अन् विज्ञान-गणिताला एकच माणूस, त्यालाही निवडणुकीच्या, सर्व्हेच्या ड्युट्या. तुम्ही दुकानातला माल भरायचा नाही, समोर दुसऱ्याला दुकान टाकायची परवानगी द्यायची, अन् मग म्हणायचं गिऱ्हाईकच येत नाही. त्यात शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच, नववीच्या पोरीला दुपारची भूक लागत नाही असं बहुतेक सरकारला वाटतं.

अन् जी पोरं अजून येतात ती कोण आहेत, हे त्या दिवशी बाबूला विचारलं. म्हणाला, वीटभट्टीवाल्यांची, शेतमजुरांची, ज्यांना व्हॅनचं भाडं झेपत नाही त्यांची, अन् मुली जास्त, कारण मुलाला कॉन्व्हेंटात टाकतात अन् मुलीला इथं. मीटर बिलापायी कापलेलं होतं म्हणून झेरॉक्स निघाली नाही, त्यानं काकांची नोंद हातानं उतरवून सही-शिक्का करून दिली. बिल्डिंग संस्थेला द्या म्हणणाऱ्यांनी ती जागा एकदा बघून यावी, आता स्टेट हायवेला लागून आहे, आजूबाजूला प्लॉट पडलेत. मी काही म्हणत नाही, फक्त बघून या.

मेसेज पाठवणाऱ्या त्या दोन मित्रांपैकी एकाच्या वडिलांचं नावही त्या रजिस्टरमध्ये दिसलं होतं. आठवीत दाखल, आठवीतच खारीज, कारण 'घरकाम', खाली आजोबांचा अंगठा. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता तो काल त्याला पाठवला, वर काही लिहिलं नाही. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. मेसेजबद्दल एक शब्द नाही, एवढंच विचारलं की ते रजिस्टर कोणत्या कपाटात आहे अन् बाबू किती वाजेपर्यंत असतो, त्यालाही पोरीची व्हॅलिडिटी करायची आहे म्हणे.