‘मोडकी इंग्रजी’ आणि देवाची भाषा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची बोली म्हणजे गला. तिच्यात भाषांतरित झालेल्या बायबलच्या ‘नव्या करारा’वरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गला म्हणजे मोडकी इंग्रजी, ती बोलणाऱ्यांना इंग्रजी वाचता येतंच, मग 1979 ते 2005 अशी 26 वर्षं घालवून केलेलं भाषांतर ही निव्वळ हौस. शिवाय धर्मग्रंथाला भारदस्त भाषाच शोभते.

इंग्रजी येतं, हे खरंच आहे. म्हणून तर त्या पुस्तकात समासात किंग जेम्स बायबलचा, म्हणजे जुन्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतराचा मजकूरही छापलाय. उलट अडचण गला वाचण्याची. घरी जन्मभर तीच बोललेला माणूसही पानावर अडखळतो, कारण ती छापलेली कधी पाहिलेलीच नसते. मोठ्याने वाचलं की ओळख पटते.

‘मोडकी’ला मात्र माझी हरकत आहे. गलात एकट्याला ‘या’ म्हणतात, अनेकांना ‘ऊना’. पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतला ‘उनू’ याच अर्थाचा. आता लूकचा 22वा अध्याय काढा. येशू आपल्या शिमोन या शिष्याला म्हणतो, सैतानाने तुम्हांला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय. ‘तुम्हांला’ म्हणजे सगळ्या शिष्यांना, ‘तुझ्यासाठी’ म्हणजे एकट्या शिमोनासाठी. मूळ ग्रीकमध्ये हा फरक आहे, मराठीत तो आपसूक येतो. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’! तिथे तळटीप द्यावी लागते. मग मोडकी कुठली म्हणायची?

लोरेन्झो डाव टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने गलातली आफ्रिकी नावं, शब्द आणि व्याकरण 1949 साली पुस्तकरूपाने मांडलं. त्याआधी विद्वानसुद्धा तुमच्यासारखंच बोलत होते. विद्वान सोडा, एमरी कॅम्बेल हे हिल्टन हेड बेटावरचे, गला घरात वाढलेले. सेंट हेलेना बेटावरच्या पेन सेंटर या गला संस्कृती जपणाऱ्या संस्थेचे ते पुढे अनेक वर्षं प्रमुख होते. पॅट आणि क्लॉड शार्प हे दांपत्य भाषांतराचा बेत घेऊन त्यांच्याकडे गेलं, तेव्हा त्यांनीही ही भाषा नव्हेच, वाईट इंग्रजी आहे, असं म्हणून अंग काढून घेतलं होतं. नंतर ते स्वतः भाषांतराला बसले. शाळेत ज्या बोलीवरून मुलांना हसतात, ती देवाच्या तोंडी घालायची म्हणजे आधी आपल्याच मनातली लाज काढावी लागते. 26 वर्षांतली काही त्यात गेली असणार, असा माझा आपला अंदाज.

राहिला भारदस्तपणा. साउथ कॅरोलायनात 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता. ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ हे वचन त्यांना ऐकवलं जायचं ते भारदस्त इंग्रजीतच. आणि आपल्याकडचं म्हणाल तर मालवणीतलं गाऱ्हाणं कुणी प्रमाण मराठीत घालून बघावं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला तरी कोण उठेल?

येशूने शिकवलेली प्रार्थना गलात सुरू होते ती अशी: ‘वी फादा वा डे ईन हेबेन’. यातला ‘वी’ म्हणजे ‘आमचा’. एकदा मोठ्याने म्हणून बघा.

तुम्ही दाखवलेली चूक मात्र माझीच. गला फक्त साउथ कॅरोलायनात नाही, जॉर्जियाच्या किनारी बेटांवरही बोलतात. तिथे तिला गीची म्हणतात. लेखात दुरुस्ती केली आहे.