जाडजूड जनुकीय अहवाल आणि प्रगत स्तनकर्करोगाचे औषध

प्रगत स्तनकर्करोगाच्या रुग्णांच्या कुटुंबांत सध्या एक मजकूर हातोहात फिरत आहे. त्याचे म्हणणे असे की, शेकडो जनुके एकदम तपासणारी एक चाचणी केली की कोणते औषध लागू पडणार हे आधीच कळते. त्यामुळे किमोथेरपी टळते. शस्त्रक्रियेच्या वेळचा जुना ब्लॉक, म्हणजे मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा, त्यासाठी पुरतो. आणि अहवालात काहीच निघाले नाही तर उपाय संपले. प्रत्येक विधानात थोडे तथ्य असल्यामुळे ती पटकन पटतात, म्हणून एकेक तपासलेले बरे.

पहिले विधान सर्वांत महत्त्वाचे. जनुकात बदल सापडणे आणि त्यावरचे औषध लागू पडणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते फ्रान्समधील अभ्यासांनी आकड्यांत मांडले आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सफिर-०१ या अभ्यासात ४२३ रुग्णांच्या शरीरात पसरलेल्या गाठींचे नमुने घेण्याचे ठरले. १९५ जणींत औषधाचे लक्ष्य ठरू शकेल असा बदल सापडला, पण त्यानुसार उपचार मिळाले फक्त ५५ जणींना. आणि ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला अशा ४३ जणींपैकी चौघींचीच गाठ लक्षणीय आकसली. पुढच्या सफिर-०२ अभ्यासात (२०२२) मात्र चित्र अधिक स्पष्ट झाले. ज्या बदलांवरील औषधांमागे रुग्णांवरील भक्कम पुरावा होता, त्या गटात रोग पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ९.१ महिने होता, तर तुलनेच्या गटात २.८ महिने, पण पुरावा कच्चा असलेले बदलही हिशेबात धरले तेव्हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. याचा अर्थ चाचणी निरुपयोगी आहे असा नव्हे. युरोपातील वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये प्रगत स्तनकर्करोगात अशा तपासणीची शिफारसही केली आहे. मात्र अहवालाची पाने किती यापेक्षा, त्यात सापडलेल्या बदलाची पुराव्याच्या श्रेणीत जागा कोणती, हे विचारावे लागते; पाने भरायला कच्च्या पुराव्याचे बदल पुष्कळ मिळतात.

किमोथेरपी टळते हे विधान बहुधा दोन वेगळ्या चाचण्यांच्या सरमिसळीतून आले असावे. काही रुग्णांना किमोथेरपीची गरज नाही असे सांगणारी एकवीस जनुकांची चाचणी खरोखरच आहे, पण ती सुरुवातीच्या टप्प्यातील, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगासाठी आहे. पसरलेल्या रोगाशी तिचा संबंध नाही. उलट, वर सांगितलेल्या सफिर-०२ मध्ये लक्ष्यित औषध मिळालेल्या रुग्णांनी आधी किमोथेरपीच घेतली होती आणि तिने रोग आटोक्यात आल्यावरच त्यांना ते औषध दिले गेले. बीआरसीए जनुकांत आनुवंशिक दोष असलेल्यांना ओलापॅरिब हे लक्ष्यित औषध किमोथेरपीऐवजी देता येते, हे खरे आहे. २०१७ च्या चाचणीत रोग वाढेपर्यंतचा मध्यक काळ ४.२ वरून ७ महिन्यांवर गेला. पण एकूण आयुर्मानात ठोस फरक दिसला नाही, आणि हा दोष शोधायला शेकडो जनुकांची तपासणी लागत नाही. रक्ताचा साधा नमुना पुरतो.

जुना ब्लॉक पुरतो का? कशासाठी, यावर ते अवलंबून आहे. पीआयके-थ्री-सीए या जनुकातील बदल बहुधा मूळ गाठीतच असतो, त्यामुळे तिथे जुना ब्लॉक चालतो. ईएसआर-वन या जनुकातील बदलाचे तसे नाही. लेट्रोझोलसारख्या हार्मोनविरोधी गोळ्या घेत असताना, त्यांना दाद न देणाऱ्या पेशींत तो नंतर वाढीस लागतो. शस्त्रक्रियेच्या वेळच्या गाठीत तो क्वचितच मिळतो. या बदलावरील इलासेस्ट्रंट या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तीही रक्तातील डीएनएच्या चाचणीसोबत. नवा नमुना हाडातून घेतला असेल तर आणखी एक अडचण येते : हाडाचा तुकडा मऊ करण्यासाठी तीव्र आम्लात ठेवला की त्यातील डीएनए तुटतो आणि तपासणीच फसते. म्हणून नमुना देतानाच त्यावर जनुकीय तपासणी करायची आहे हे प्रयोगशाळेला सांगणे आवश्यक असते.

उपाय संपले हे चौथे विधान तर सरळ घातक आहे. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या प्रगत रोगात सर्वाधिक उपयोगी ठरलेली पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब ही औषधे पेशींवरील हार्मोन रिसेप्टर (हार्मोन पकडणारी प्रथिने) पाहून ठरतात, जनुकांची यादी पाहून नव्हे. हर-टू प्रथिनाचे प्रमाण कमी असलेल्या रुग्णांना २०२२ पासून उपलब्ध झालेला ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधाचा पर्यायही नेहमीच्या स्लाइडवरील रंगतपासणीतून ठरतो. शिवाय रक्तातील चाचणीत काही न सापडणे म्हणजे बदल नाही असे होत नाही. गाठीतून रक्तात पुरेसा डीएनए उतरत नसेल तर चाचणीच्या हाती काही लागत नाही. अशा वेळी ऊतीच्या नमुन्यावर तपासणी करून पाहावी लागते.