दगडापेक्षा ओळख मऊ

भूशास्त्र शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनो, आधी हातातला हातोडा खाली ठेवा आणि मोबाइल उचला. आमच्या बेळगावचा खडक साडेसहा कोटी वर्षं इथेच आहे, अजून चार दिवस कुठे जात नाही. माणसांच्या मात्र बदल्या होतात. म्हणून ओळखी आधी, खडक नंतर. बावीस वर्षं या जिल्ह्यात बोअरचे पॉइंट दाखवत हिंडलेल्या माणसाचा हा सल्ला आहे. ओळख वाढवायला गेलो तेव्हा माझं काय झालं, ते पुढे येईलच.

पहिलं काम म्हणजे लिंक्डइनवर फोटो. गळ्यात भिंग, खांद्यावर हातोडा, नजर लांब कुठेतरी. खडकाकडे पाठ हवी. तोंड खडकाकडे असलं तर लोकांना वाटेल, हा काम करतोय.

स्वतःला नुसतं 'जिओलॉजिस्ट' म्हणवून घेऊ नका. तसं म्हटलं की खानापूरपासून अथणीपर्यंत कोणीही विचारतं, "मग आमच्या शेतात किती फुटांवर पाणी?" 'जिओसायंटिस्ट, स्पीकर, मेंटॉर' असं लिहा. मेंटॉरला कोणी पाणी विचारत नाही.

सेमिनारला जा. ऐकायला नव्हे. पेपर वाचायला दहा मिनिटं असतात आणि सत्काराला पाऊण तास, त्यावरून कुठलं काम महत्त्वाचं ते समजा. जेवणाच्या रांगेत मोठ्या सरांच्या मागे उभं राहा. बोलायला विषय नसला तर १९६७ काढा. त्या एका साली आमच्या भागाला दोन हादरे बसले, ऑगस्टमध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालाचा आणि ११ डिसेंबरला कोयनेच्या भूकंपाचा. दोन्हींचे आफ्टरशॉक अजून चालू आहेत. एवढं बोललात की सर हसतात आणि कार्ड देतात.

ओळख कशी जमवावी हे खरं तर पाणाड्याकडून शिकावं. तळहातावर नारळ आडवा धरून तो बांधाबांधाने फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे बोअर. पाणी लागलं तर पाणाड्या देवमाणूस, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब खोटं. मी रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमिनीचा विद्युत रोध मोजणारं यंत्र, घेऊन दिवसभर उन्हात तारा ओढतो, सांगतो की बाबा, इथे क्वार्टझाइट आहे, वाळूचाच आवळून घट्ट झालेला खडक, भेग असेल तिथेच पाणी, नसेल तर ठणठणीत. पाणी लागलं तर "लागणारच होतं". नाही लागलं तर साहेबाचं मशीन फुकटचं. पाणाड्याच्या मुलीच्या लग्नाला चार गावं जेवली. हे खरं नेटवर्क.

आता मुद्द्याची गोष्ट. कॉन्टॅक्ट वाढवा.

आमच्या धंद्यात कॉन्टॅक्ट या शब्दाला दोन अर्थ आहेत, हे तुम्हाला वर्गात शिकवलंय. दोन वेगळे खडक जिथे एकमेकांना टेकतात ती रेघ म्हणजे कॉन्टॅक्ट. बेळगाव जिल्ह्याची गंमत अशी, की डेक्कन ट्रॅपची, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या थरांची, दक्षिणेकडची हद्द आमच्या दारात येते. इकडे त्या लाव्ह्याचा काळा बेसाल्ट, तिकडे गोकाकच्या धबधब्याला ५२ मीटरवरून खाली सोडणारा कलादगी नावाच्या खडकगटातला क्वार्टझाइट. तो क्वार्टझाइट इतका जुना, की त्याची वाळू साचली तेव्हा जमिनीवर गवताचं पातंही उगवलेलं नव्हतं. त्याच्यावर मधली कोट्यवधी वर्षं गाळून थेट लाव्हा येऊन बसला. याला पुस्तकात विसंगती म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती माती, ऊस आणि प्लॉटिंगखाली गेलेली आहे. उघडी, स्वच्छ, बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा मला बावीस वर्षांत एकच सापडली, एका ओढ्याच्या काठाला, हातभर उंचीची. खाली पांढरट क्वार्टझाइट, मध्ये चार बोटं भाजल्यासारखा लालसर थर आणि वर बेसाल्ट. कॉलेजची पोरं नेली की मी तिथे पाच मिनिटं गप्प बसतो आणि त्यांना नुसतं बघू देतो. ठिकाण सांगणार नाही. एकदा सांगून चुकलोय.

गेल्या महिन्यात मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेचे एक साहेब आले. आधी लिंक्डइनवर रिक्वेस्ट, मग मेसेज, "सर, तुमच्या एरियात एखादं चांगलं लोकेशन शेअर कराल का? नेटवर्क वाढवूया." मीही माणूस आहे, हुरळलो. माझी गाडी, माझं डिझेल, वाटेत भाकरी-झुणका, ओढ्यापर्यंत दीड किलोमीटर चाल. साहेबांनी बघितलं, "वॉव" म्हणाले आणि मी बाटलीतलं पाणी पीत होतो तेवढ्यात हातोडा घातला. लाल थरावर. नेमका रेघेवर. "सॅम्पल पाहिजे ना सर!" तीन घावांत दोन हातांची रेघ गेली. ढलप्या ओढ्यात. अहो, सॅम्पल पाहिजे तर पायाशी पडलेले तुकडे होते, दहा पावलांवर तोच बेसाल्ट ढिगाने होता, पण ताज्या फुटलेल्या खडकासमोर सेल्फी छान येतो ना! बांधावरून शेतकरी विचारत होता, "सर, ह्यात सोनं लागतंय काय?" मला तोंड वर करून उत्तर देता येईना.

पोस्ट रात्रीच आली. 'नम्र आणि कृतज्ञ' अशी सुरुवात. 'आमच्या टीमने शोधलेला दुर्मीळ कॉन्टॅक्ट.' टीम म्हणजे ते, त्यांचा हातोडा आणि माझं डिझेल. शेवटी आभार: 'स्थानिक सहकार्य आणि बेळगावचा कुंदा'. कुंद्याला हॅशटॅग होता, मला नव्हता. आणि ठिकाण काय लिहिलं? 'महाराष्ट्र'! इथे लोकांच्या दोन पिढ्या मोर्चे काढून थकल्या, २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे, आणि साहेबांनी सीमाप्रश्न एका हॅशटॅगने सोडवून टाकला. खाली चारशे लाइक. त्यात माझे तीन विद्यार्थी. 'कॉंग्रॅट्स सर, इन्स्पायरिंग!' इन्स्पायरिंग म्हणे!

तर मुलांनो, कॉन्टॅक्ट असे वाढवायचे. एक फोडला की चारशे मिळतात.

शोधाचं म्हणाल तर रॉबर्ट ब्रूस फूट नावाचा माणूस या दक्षिण मराठा मुलखात दीडशे वर्षांपूर्वी दऱ्याखोरी तुडवत हिंडून गेला. त्याचा अहवाल १८७६ साली सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला. कलादगीवर बसलेला ट्रॅप त्यात आहे. वाचलाय का साहेब? नाही वाचलात, कारण त्यावर लाइकचं बटण नाही.

जाऊ दे, उपरोध पुरे झाला. परवा परत गेलो होतो. ओढ्याला पाणी आलंय, फुटक्या कडेतून लाल थर धुऊन निघतोय, पुढच्या पावसाळ्यात तिथे पोरांना दाखवायला बहुधा फक्त माझं बोट उरेल. आणि साहेब, तुमचा काल मेसेज आला, "सर, असंच अजून एखादं लोकेशन?" लाज वाटत नाही? इतकी वर्षं लाव्ह्याने, नदीने, नांगराने जे सोडलं ते तुम्ही तीन घावांत संपवलंत, आणि पीएचडीच्या पोरांना फिल्डवर्क शिकवता तुम्ही! जिथे एकच रेघ उरलीय तिथे हातोडा चालवायचा नसतो, हे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सांगतात. पोस्टमध्ये माझं नाव नको. पण 'शोधलेला' हा शब्द काढा, राज्य दुरुस्त करा आणि तुमच्या टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला तो तुकडा कुरियरने परत पाठवा. बसवता येणार नाही, मला माहीत आहे. तरी पाठवा.